हस्तक्षेप

लेक पाच महिन्यांची असताना आमच्या घरात एकमताने ठरलं की ती डावखुरी आहे. खुळखुळा समोर धरला की डावा हात झपकन पुढे यायचा. माझं नाक, बाबाच्या शर्टाचं बटण, आजीच्या चष्म्याची दोरी, सगळं डाव्याच हातात. "माझा धाकटा भाऊ अस्साच होता," असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. मीही आल्यागेल्याला दाखवायचे, बघा, किती लवकर हात ठरला हिचा!

पाच महिने हे दुरुस्त केलेलं वय. ती एकोणतिसाव्या आठवड्यात झाली, म्हणजे अकरा आठवडे आधी, ११५० ग्रॅमची. अशा बाळांचं वय जन्मतारखेवरून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून मोजतात, साधारण दोन वर्षांची होईपर्यंत. त्यामुळे दाखल्यावर ती तेव्हा साडेसात महिन्यांची होती आणि आमच्या लेखी पाच. हा हिशेब आम्हाला तोंडपाठ होता. किती मिली दूध, किती वाजता, किती ओले लंगोट, वजन किती ग्रॅम वाढलं, सगळ्याची वही होती. कुठल्या हाताने काय धरलं, याचा रकाना तेवढा वहीत नव्हता.

उजवा हात मूठ मिटून छातीशी असायचा. अंगठा मुठीच्या आत. अंघोळीच्या वेळी मी एकेक बोट सोडवून ती मूठ उघडायचे, तेव्हा आत दुपट्याचे धागे, लव आणि सांडलेल्या दुधाचा आंबूस वास निघायचा. डाव्या मुठीत कधीच काही साठलेलं नसायचं. हे मी रोज बघत होते. रोज पुसत होते. आणि मला त्यातून काहीही सुचत नव्हतं.

नाही, अगदी काहीच नाही असं नाही. एका फॉलोअपला मी डॉक्टरांना म्हटलं होतं, हिची उजवी मूठ फार घट्ट असते. ते म्हणाले, "काही मुलं मूठ उशिरा उघडतात. वर्षाची होऊ द्या, मग बघू." घरी येताना मला पिसासारखं हलकं वाटलं. त्यांना दोष द्यायचा तर मलाही द्यावा लागेल, कारण मला तेच ऐकायचं होतं.

पकडलं ते लस टोचणाऱ्या सिस्टरनी. बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या, लेकीचा डावा हात आपल्या तळव्याखाली अलगद झाकला आणि दुसऱ्या हातात पेनाचं लाल टोपण तिच्या डोळ्यांसमोर धरलं. लेकीने टोपण पाहिलं. डावा हात ओढून बघितला. सुटेना. मग तिने मान पुढे काढली, ओठ पुढे काढले, तोंडानेच टोपण पकडायला निघाली. उजवी मूठ जिथे होती तिथेच. सिस्टरनी हात सोडला, टोपण तिला दिलं आणि मला म्हणाल्या, "ताई, एवढ्या लहानपणी कुणी डावखुरं नसतं हो."

त्या एका वाक्यात सगळं होतं. पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. एक हात आवडीचा होणं हे पुष्कळ पुढचं काम. वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने सगळं करत असेल, तर तो हात हुशार आहे असं नव्हे, दुसऱ्याचं काहीतरी अडलेलं असू शकतं. पुढे निदान झालं ते हेमिप्लेजियाचं, म्हणजे शरीराच्या एका बाजूपुरत्या सेरेब्रल पाल्सीचं, वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाचं. काचेच्या पेटीत असताना तिच्या टाळूवरून सोनोग्राफी झाली होती, कारण टाळूचं हाड अजून जुळलेलं नसतं आणि तिथून आतलं दिसतं. त्या वेळी मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव दिसला होता. डिस्चार्जच्या कागदावर दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या. आम्ही त्या वाचल्याही होत्या. डावा मेंदू उजवा हात चालवतो, हे शाळेत शिकलो होतो. त्या दोन ओळी आणि ती मूठ एकमेकांशेजारी ठेवून बघायचं मात्र आम्हालाही सुचलं नाही आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही.

फार लवकर हे कळू शकलं असतं का? हो. हाइन्झ प्रेख्टल नावाचे एक डॉक्टर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला होते. त्यांनी तान्ह्या बाळांच्या हालचालींचे व्हिडिओ बघण्यात आयुष्य घालवलं. बाळ उताणं, जागं, शांत. कुणी हात लावायचा नाही, खेळणं दाखवायचं नाही, नुसतं काही मिनिटं चित्रण करायचं. तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान निरोगी बाळाच्या मान, मनगट, घोट्यांत सतत एक बारीक चुळबुळ असते. ती नसली, तर पुढे सेरेब्रल पाल्सी असण्याची शक्यता मोठी. ना सुई, ना यंत्र. शिकलेली नजर तेवढी हवी. आम्ही त्या वाटेला लागलो तेव्हा तपासणीची मुदत संपत आली होती. २०१७ मध्ये आयोना नोव्हाक आणि बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून लिहिलं की सेरेब्रल पाल्सीचं निदान दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांच्या आतही नेमकं करता येतं. त्याआधी सर्रास एक ते दोन वर्षांपर्यंत थांबायची रीत होती. "वर्षाची होऊ द्या" हे त्या रीतीचंच वाक्य. आईबापांना उगाच घाबरवू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण घाबरायचं ते आम्ही नंतर घाबरलोच, फक्त उशिरा.

एक गोष्ट मात्र न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी साफ सांगितली: मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही. मग मी विचारलं, एवढी घाई कशाची आहे? त्यांनी कागदावर दोन गोळे काढले आणि खाली दोन हात. जन्माच्या सुमारास मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून दोन्ही हातांकडे तारा गेलेल्या असतात. पुढच्या महिन्यांत त्या तारांची आपसात स्पर्धा लागते. जी तार वापरात राहते ती टिकते, जी राहत नाही ती मागे हटते. न्यूकॅसलच्या जॅनेट आयर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे आमच्या घरात डाव्या हाताचं कौतुक चाललं होतं तेव्हा आत उजव्या हाताच्या तारा जागा सोडत होत्या. रक्तस्राव एका रात्रीत झाला. दुसरं नुकसान रोज थोडं थोडं, आमच्या डोळ्यांसमोर, टाळ्या वाजवत.

डोळ्यांच्या बाबतीत हे फार आधी कळलं होतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला तर डोळा धडधाकट, पण मेंदूने त्याच्या वाट्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकलेली. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर काही बिघडत नाही. १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना. आळशी डोळ्याच्या मुलांना चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात ती याच तर्काने. आमची पट्टी म्हणजे एक मोजा.

बाबाचा जुना सुती मोजा, घोट्याजवळ कापलेला, वर वेल्क्रोची मऊ पट्टी. तो लेकीच्या चांगल्या हातावर, डाव्यावर, चढवायचा. रोज जास्तीत जास्त तीस मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस, सहा आठवडे. मग सहा आठवडे सुट्टी, मग पुन्हा सहा आठवडे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत अॅन-क्रिस्टिन एलिआसन यांच्या गटाने वर्षाच्या आतल्या बाळांसाठी बसवलेली पद्धत आहे ही. त्यांनी ती मालिशशी ताडून पाहिली होती. मालिशवाल्या बाळांपेक्षा मोजावाल्यांचा अडलेला हात पुढे गेला. हे ऐकून मी ताबडतोब सासूबाईंकडे बघितलं आणि त्या खिडकीकडे बघायला लागल्या, कारण "तेलाने रोज चोळलं की उघडेल मूठ" हा त्यांचा पक्ष होता.

ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ताईंनी नियम घालून दिला: तिच्या हाताला हात लावायचा नाही. बोटं उघडून द्यायची नाहीत, खुळखुळा मुठीत कोंबायचा नाही. "तुम्ही तिचा हात वळवलात तर व्यायाम तुमचा होतो." समोर बसायचं, वस्तू अशा जागी धरायची की उजव्याने जेमतेम पोचेल, आणि थांबायचं. लिहायला सोपं आहे. आपलं बाळ चुळबुळतंय, कण्हतंय, चार बोटांवर ठेवलेल्या वस्तूपर्यंत पोचत नाहीये, आणि आपण नुसतं बसायचं? मला ते जमेना. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांवर बसायला लागले. वस्तू दोरीने टांगली.

वहीतून सांगते. पहिला दिवस: चार मिनिटं, रडली, मोजा काढला. दुसरा दिवस: मोजा तोंडाने ओढून काढला, सहा मिनिटं. पाचवा: उजवा खांदा हलला, बाकी काही नाही. कुठलं खेळणं घ्यावं याची आमची समजूतही चुकीची होती. आम्ही जड, रंगीत, दुकानातलं आणलं. ताईंनी पिशवीतून काढला चुरगळलेला, चुरचुर वाजणारा पातळ कागद. त्याला नुसता धक्का लागला तरी आवाज येतो. ज्या हातात जोर नाही त्याला आधी यश स्वस्तात मिळायला हवं. नववा दिवस: मुठीचा धक्का कागदाला लागला, चुर्र झालं. ती एकदम स्तब्ध. भुवया वर. मग मुठीकडे बघितलं. त्या हाताकडे तिने असं निरखून बघितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग पुन्हा धक्का. पुन्हा चुर्र. त्या दिवशी वहीत मी "चुर्र" एवढंच लिहिलंय, अकरा वेळा. सतराव्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुटलं. अंगठा बाहेर यायला मात्र दुसरी फेरी उजाडली.

आता माझा गाढवपणा. तीस मिनिटांनी एवढं होतंय, तर नव्वदने काय होईल, असं गणित मी मांडलं. दिवसातून तीनदा मोजा. मध्ये मध्ये मोबाइलवर पाहिलेले ताणाचे व्यायाम. नवरा म्हणाला, जरा दमाने घे; मी त्याला म्हटलं, तुला फिकीर नाही. आठवड्याभरात लेक मोजा दिसला की रडायला लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी दिसले की.

ताईंना हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्या रागावल्या नाहीत. एक म्हणजे, त्यांनी समजावलं, चांगला हातही अजून शिकतोय, त्याला फार वेळ कोंडलं तर त्याचंही नुकसान होऊ शकतं. डोळ्याच्या पट्टीच्या बाबतीत हे दिसलेलं आहे. आणि दुसरं, "थेरपिस्ट मी आहे. माझी नोकरी घेऊ नका. तिला आई एकच आहे." त्या दिवशी मोजा कपाटात गेला आणि पंधरा दिवस तिथेच राहिला.

बाळांच्या अशा लवकरच्या उपचाराला सरकारी भाषेत 'शीघ्र हस्तक्षेप' म्हणतात. मला तो शब्द पहिल्यापासून खटकतो. हस्तक्षेप म्हटलं की कुणीतरी नको तिथे हात घातलाय असं वाटतं. शेजाऱ्यांच्या भांडणात, चौकशीत, बदल्यांत. त्या पंधरा दिवसांत मला वाटलं, शब्द बरोबरच आहे, मी तेच करत होते.

त्या काळात खरं काम केलं ते सासूबाईंनी, आणि तेही थेरपी असं न म्हणता. पाळणा भिंतीशी अशा बाजूने असायचा की माणसं नेहमी तिच्या डावीकडून यायची. त्यांनी एका दुपारी तो फिरवला. आता जो येईल तो उजवीकडून. हाक उजवीकडून, खाऊ उजवीकडून, अंगात झबलं घालताना आधी उजवा हात. ती थोडी मोठी झाल्यावर तिच्यापुढे त्या मोठ्या वस्तू टाकायच्या, रिकामा प्लॅस्टिकचा टोप, उशी, चेंडू. बारकी वस्तू एका हाताने उचलता येते. मोठ्याला दुसरा हात लावावाच लागतो. हे कुठे वाचलं, असं मी विचारलं. "वाचायचं काय त्यात? मला संधिवात आहे. माझा एक हात दुखतो तेव्हा मी काय करते ते बघतेस ना रोज?" पुढे कळलं की मोजाच्या फेऱ्यांनंतर दोन्ही हातांचा खेळ हीच अधिकृत पुढची पायरी आहे.

सासूबाईंवरून मला हॅरॉल्ड स्कील्स यांचं काम आठवतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात ते मानसशास्त्रज्ञ होते. तिथल्या अनाथालयातली, वाढ खुंटलेली म्हणून दत्तक न जाणारी तेरा लहान मुलं त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत, तिथल्या स्त्रियांकडे ठेवली. त्या स्त्रियांनी मुलांना कडेवर घेतलं, खेळवलं, बोलायला लावलं. मुलांचा बुद्ध्यंक चढला. अनाथालयातच राहिलेल्या दुसऱ्या बारा मुलांचा घसरला. स्कील्सनी १९६६ मध्ये पुढची हकीकत छापली तेव्हा त्या तेरांपैकी अकरा दत्तक गेले होते आणि सगळे तेरा जण मोठे होऊन आपापल्या पायांवर उभे होते. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण मला टोचतं ते वेगळंच. स्कील्सचं नाव राहिलं. ज्या बायकांना समाजाने बिनकामाच्या ठरवून कोंडलं होतं आणि ज्यांनी हे सगळं केलं, त्यांतल्या एकीचंही नाव मला कुठे सापडलं नाही.

असो. लोक विचारतात, मग बरी झाली का? नाही झाली. ती आता सहा वर्षांची आहे. उशिरा बसली, रांगलीच नाही, ढुंगणावर सरकत घरभर फिरली, दुरुस्त वयाच्या वीस महिन्यांना चालली. पळते, पडते, पायात आधाराची स्प्लिंट घालते आणि त्यावरून रोज सकाळी भांडते. उजव्या हाताने ती पेन्सिल धरणार नाही, कधीच. तो मदतीचा हात आहे: कागद दाबून धरतो, बाटली धरतो, झाकण डावा उघडतो. मला आधी मदतीचा हात म्हणजे तडजोड वाटायची. मग मी एक दिवस स्वतःचा डावा हात बघत बसले. तो तरी दुसरं काय करतो?

आणखी एक प्रश्न हमखास येतो, बहुतेक रात्री उशिरा, मेसेजवर. आमचा अडीच वर्षांचा आहे, आता वेळ गेली का? गेली असं मी म्हणत नाही, कारण ते खरं नाही. चांगला हात काही काळ बांधून अडलेल्याला कामाला लावण्याची पद्धत मोठ्या मुलांमध्ये तर लहानग्यांच्या आधीपासून वापरात आहे आणि तिचा उपयोग होतो. पण लवकर आणि उशिरा यांत फरक नाही असंही म्हणत नाही. बहिरेपणाचा नियम बघा: पहिल्या महिन्यात कान तपासायचे, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र आणि भाषा सुरू. ज्यांनी तो केला त्यांनी आकडे उगाच नाही घातले. म्हणून ज्यांचं बाळ अजून तान्हं आहे त्यांना मी एवढंच सांगते की एक हात झाका, दुसऱ्यासमोर टोपण धरा, काय होतं ते बघा. काही विचित्र वाटलं तर "वर्षाची होऊ द्या" ऐकून उठू नका, दुसरीकडे दाखवा. निदानाचा शिक्का बसायची वाट बघत थेरपी थांबवायची नसते, शंका पुरते. चूक निघाली तर काय, एक धडधाकट बाळ चार महिने जास्त खेळेल.

आम्ही किती गमावलं, हे मी एकदा कागदावर मांडलं होतं. त्या फॉलोअपपासून सिस्टरच्या टोपणापर्यंत नऊ आठवडे. नवऱ्याने तो कागद फाडला.

लेकीने हातांना नावं ठेवली आहेत. डावा 'कर्त्या', उजवा 'पकड्या'. पकड्या थकतो, रुसतो, थंडीत आखडतो, कधी कधी मुद्दाम ऐकत नाही. परवा शाळेची बस खाली उभी, हॉर्न वाजतोय, आणि हिची जॅकेटची चेन लागत नव्हती. मी वाकले, हात पुढे केला. "तू नको," ती म्हणाली. कर्त्याने चेनचं टोक आणलं. खालची बाजू ओढून धरणारं कुणी नव्हतं. तिने उजव्या हाताकडे बघितलं, भुवया वर नेल्या आणि खालच्या आवाजात दरडावलं, "पकड्या, धर." त्याची बोटं जरा हवेत चाचपडली. हॉर्न पुन्हा वाजला. मी खाली पायरीवर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.